गप्प झालो की स्विच पाड

अहो, जव्हारकडच्या कामाची बॅग शेवटी मीच भरली. तुम्ही अर्धी भरून गेलात. अर्धं काम टाकून उठायची तुमची रीत नव्हती, त्यामुळे ती बॅग बघितली की मला रडू यायच्या आधी राग यायचा. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मंडपवाल्याच्या सतरंज्या परत गेल्या, तरी बॅग ओटीवर भिंतीला टेकून तशीच उभी होती. आई म्हणाल्या, माळ्यावर टाक ती. मी हो म्हटलं आणि टाकली नाही.

या दिवसांत लोक तुमच्याबद्दल काय बोलले ते सांगते. सगळे एकच बोलले. किती शांत माणूस, कधी आवाज चढला नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी पदर तोंडाला लावून मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, शांत म्हणजे काय असतं ते मला विचारा. मला बघायला आलात तेव्हा अख्ख्या बैठकीत तुम्ही एकदाच तोंड उघडलंत. "चालेल." समोर मी उभी होते आणि चहाचा कपही नुकताच तुमच्या हातात आला होता. ते 'चालेल' मला होतं की चहाला, हे मी पुढे कितीदा विचारलं. तुम्ही नुसते हसायचात.

घरात मी दोघांच्या वाटचं बोलायचे. मीच विचारायचे, तुमचं उत्तर मीच ठरवायचे आणि ते पटलं नाही म्हणून भांडायचेही मीच. शेजारणी विचारायच्या, आज कशावरून वाजलं? मी सांगायचे, वाजायला दोन भांडी लागतात, आमच्याकडे एकच आहे. तुम्ही दारात बसून ग्राइंडर पुसत असायचात. ऐकत होतात की नाही, देव जाणे.

खरं भांडण एकच होतं आणि ते दर पावसाळ्यात यायचं. पडघ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आपलं फॅब्रिकेशनचं दुकान. वळ गावातल्या गोदामांची रॅकं, लोकांची गेटं, जिने, ग्रिलं, एवढं काम छपराखाली मिळत असताना पावसात परगावी जाऊन पाण्यात उभं राहून वेल्डिंग कशाला करायचं, असं माझं म्हणणं. तुम्ही त्याला 'ओलं काम' म्हणायचात. कुठे ओढ्यावरचा साकव खचलेला असायचा, कुठे पंपघरात पाणी शिरलेलं असायचं. बाकीचे वेल्डर म्हणायचे, पाऊस थांबू दे मग बघू, आणि मग फोन तुम्हाला यायचा. पाणी आणि करंट एकाच जागी आणि माझा नवरा त्यांच्यामध्ये. माझं सगळं बोलून झालं की तुम्ही उठायचात आणि तयारीला लागायचात.

ओल्या कामाच्या तयारीला तुम्हाला अख्खा दिवस लागायचा. आधी रॉड. रॉडला ओल धरली की जोड वरून चांगला दिसतो आणि आतून पोकळ राहतो, हे मला तुम्ही नाही, दिनेश भावजींनी सांगितलं. तुमचा धाकटा भाऊ तुमच्या हाताखाली काम शिकला, पण जीभ मात्र कुणा दुसऱ्याकडून घेऊन आला. माझ्या भाकऱ्या झाल्या की तुम्ही चुलीपाशी यायचात आणि माझ्याच तव्यावर रॉड ओळीने मांडायचात. मग खरपूस झाल्यासारखे गरम रॉड फडक्यात, फडकं डब्यात आणि डबा प्लॅस्टिकात. दुसऱ्या दिवशीच्या भाकरीला वास येतो म्हणून मी दर वेळी ओरडायचे. तवाही लोखंडाचा आणि रॉडही लोखंडाचा, एवढं जरी तुम्ही एकदा म्हणाला असता तरी मी भांडण सोडून दिलं असतं.

मग हातमोजे. चामड्याचे, एक जोडी हातात आणि दोन जोड्या कोरड्या, वेगवेगळ्या पिशव्यांत. आणि मग तो पाट. आपल्या घरातला, जेवायला बसायचा, सागाचा. पाण्याच्या जागी पायाखाली कोरडं लाकूड हवं म्हणून तुम्ही तो उचललात आणि खाली रबराची पट्टी ठोकलीत. आई किती दिवस धुसफुसत होत्या. पाटावर माणूस जेवतो, पाटावर बसवून त्याला ओवाळतात, त्यावर बूट घालून उभं राहायचं? मीही तेव्हा त्यांच्याच बाजूने होते. तुम्ही ऐकलंत, पाट पुसलात आणि टेम्पोत टाकलात.

शेवटी केबल. ती सगळी हातातून काढायची, इंच इंच, आणि कुठे कातडं फाटलेलं दिसलं की काळी टेप गुंडाळायची. त्या दुपारी तुम्ही तेच करत होतात.

पाऊस झोडपत होता. तुम्ही ओटीवर भिंतीला टेकून बसला होतात, केबल मांडीवर. मी आत तव्यावर रॉड फिरवत होते. तुम्ही मला कधी नव्हे ते सांगितलं होतं की रॉडचं तू बघ, मला आज जरा दमल्यासारखं होतंय. आतूनच मी विचारलं, आणखी टाकू का? उत्तर नाही. दारात येऊन पुन्हा विचारलं. तुमची मान खाली, हात केबलवर. मी म्हटलं, बरं, नका बोलू. आणि आत जाऊन रॉड उलटे केले.

तुम्ही उत्तर दिलं असतं तर मी दचकले असते. नाही दिलंत म्हणून सगळं रोजच्यासारखंच वाटलं. थोड्या वेळाने भावजी टेम्पोची ताडपत्री घेऊन आले आणि त्यांनी तुमच्या खांद्याला हात लावला. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले, तुम्ही शेजारी बसला असता तरी काही करता आलं नसतं. मला ते पटलं. डॉक्टरांशी माझं भांडण नाहीच. माझं तुमच्याशी आहे. ज्या माणसाचं बसणं आणि जाणं बायकोला वेगळं ओळखू येऊ नये, तो माणूस इतकी वर्षं गप्प का बसला, एवढंच मला विचारायचं होतं.

तेराव्यानंतर जव्हारच्या पलीकडून पुन्हा फोन आला. नदीकाठच्या पंपघरात पाण्याच्या पाइपाचा आधार तुटून पाइप लोंबकळत होता. गावातल्या बायका नदीचं गढूळ पाणी भरत होत्या. तुम्ही येतो म्हणून शब्द दिला होता. भावजी म्हणाले, मी जातो. त्यांना काम येतं, त्याची मला काळजी नव्हती. पण आजवर ओल्या कामाला तुम्ही दोघं जायचात, तुम्ही जोड मारायचात आणि भावजी मशीनच्या स्विचपाशी बसायचे. मी विचारलं, आता स्विचपाशी कोण? ते म्हणाले, तिथला कोनी बसवीन, नुसतं बसायचं तर हाय. नुसतं बसायला माणूस कशाला लागतो, मी विचारलं. तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं.

"वहिनी, ओल्या जागी करंट लागला ना, तर मानूस वरडत न्हाय. चिकटतो. तोंडातून शबूद फुटत न्हाय. म्हनून दादा काम करताना सारखा बोलत ऱ्हायचा. मला सांगून ठेवलेलं, मी गप्प झालो की स्विच पाड. इचारत बसू नको."

मी विचारलं, "हे बोलायचे?"

"तोंडाला दम नसायचा."

अहो, माझ्या अंगाचा भडका उडाला. काय बोलायचे, मी विचारलं. भावजी चाचरले. काय पन, असंच, आता काय सांगू, म्हणाले आणि टेम्पो बघायला निघून गेले. मी आत येऊन तांदूळ निवडायला घेतले आणि एकही खडा दिसेना. इतकी वर्षं मी एका मुक्या माणसाशी संसार केला असं समजत होते, आणि तो माणूस पावसाळ्यात चिखलात उभा राहून दिवसभर बोलत होता. माझ्याशी नाही, एवढंच.

दोन दिवस मी तुमच्याशी मनातही बोलले नाही. पण मग दुसरंच मनात येऊ लागलं. भावजींना गावातला कुणी तरी मिळेल. तो बसेल, बिडी ओढेल, बाहेर पाऊस किती आलाय ते बघेल. भावजी गप्प झाले तर त्याला वाटेल, काम करतायत. गप्प माणसाकडे बघून सगळं ठीक आहे असं समजणं किती सोपं असतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी जाऊन सांगितलं, स्विचवर मी बसते.

भावजी नाही म्हणाले. आई तर उठून उभ्याच राहिल्या. "अजून तुझे डोले सुकले न्हाय आन तू लोखंडाच्या कामाला चालली? लोकं काय बोलतील?" मी म्हटलं, बोलू दे, बोलणारा माणूस निदान जिवंत आहे हे तरी कळतं. हे बोलायला नको होतं, त्या तुमची आई आहेत. त्या खाली बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा. एक गेला. त्याला तरी परत आन."

मग मी तयारीला लागले. धामणकर नाक्याला जाऊन हातमोजे आणले, कारण तुमच्या जुन्या जोडीची शिवण उसवली होती. दुकानदाराने मला ओळखलं. "भाभी, वो तो यहाँ आके सिर्फ उँगली दिखाते थे, हम समझ जाते थे," म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. नाक्यावर रिक्षांचा गोंगाट, आतल्या गल्लीतून कापडाच्या लूमची खडखड, आणि मी पिशवी छातीशी धरून रस्त्यातच रडत उभी. एक रिक्षावाला थांबला, कुठे जायचं विचारलं आणि मला बसवून घेतलं. घरी येऊन केबल हातातून काढली. तुम्ही जिथपर्यंत आला होतात तिथे टेपचा तुकडा अर्धवट चिकटलेला होता. त्याच्या पुढची मी तपासली. रॉड तव्यावर टाकले आणि या वेळी वासाचं कुणाला काही बोलले नाही.

सकाळी निघालो. वाडा गावापासून पुढे जो पाऊस लागला तो दिवसभर सुटला नाही. पंपघर म्हणजे नदीकाठची एक खोली, भिंतींना ओल, जमिनीवर घोट्याएवढं पाणी. पाणी पंपाने काढलं तरी फरशी ओली ती ओलीच. भावजींनी पाट ठेवला, त्यावर उभं राहून बघितलं, कोरडे मोजे चढवले. मला दाराशी उंचवट्यावर बसवलं, स्विच हाताशी. म्हणाले, जाळाकडे बघायचं न्हाय, डोळे जातील, पाठ करून बसा. म्हणजे मला फक्त कान होते.

त्यांनी सुरुवात केली. ते तसे बडबडे, पण मास्क लावल्यावर त्यांना बोलायला सुचेना. पाऊस लय हाय, म्हणाले. पाइप गंजलाय, म्हणाले. आणि गप्प झाले. मी स्विच पाडला. ते ओरडले, "वहिनी, रॉड बदलत होतो." मी म्हटलं, रॉड बदलतानाच ओल्या हातातून करंट चिकटतो, हे तुम्हीच मला काल सांगितलंत, बदलायचा तर बोलत बदला. पुन्हा सुरू. पुन्हा गप्प. मी पुन्हा पाडला. किती वेळा पाडला ते मी मोजलं नाही. बाहेर उभ्या असलेल्या पंपवाल्याला वाटलं असेल, बाई वेडी आहे. शेवटी भावजींनी मास्क वर केला. डोळे लाल होते, आणि ते जाळाने नव्हते.

"मला बोलायला येत न्हाय ओ वहिनी," ते म्हणाले. "इतकी वर्सं मी ऐकायचोच. बोलायचा तो."

मी पुन्हा दाराकडे तोंड केलं आणि म्हटलं, "मग ते काय बोलायचे ते बोला. पहिल्यापासून."

आणि अहो, भावजी सांगू लागले. मास्कच्या आतून आवाज घोगरा येतो. तुम्हा दोघा भावांचा आवाज सारखा आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, कारण तुमचा मी ऐकला होता तरी किती. माझी पाठ त्यांच्याकडे, समोर दारातून पडणारा पाऊस, आणि मागून तुम्ही बोलत होतात.

तुम्ही माझ्या सगळ्या भांडणांची उत्तरं दिली होतीत. एकही सोडलं नव्हतंत. तव्याचं म्हणाला होतात, तिचं बरोबर हाय, वास येतो, पन दुसरा तवा आनला तर ती ओरडायला चुलीपाशी कशाला येईल. मी स्वयंपाकघराची खिडकी मोठी करा म्हणत होते, तर तुम्ही तिची फ्रेम भावजींना तोंडी तीनदा सांगितली होतीत, कुठे कशी वाकवायची ते सुद्धा, फक्त करायचं राहिलं. माझी आई गेली तेव्हा तुम्ही दहा दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत म्हणून मी अजून रुसलेली होते. त्यावर तुम्ही म्हणाला होतात, काय बोलावं ते सुचंना, आन चुकीचं काय गेलं असतं तर तिला जन्मभर लागलं असतं. सकाळी मी डब्यात काय दिलं, कुठली साडी नेसले होते, दाराशी येऊन काय टोमणा मारला, हे सगळं त्या पाटावर उभं राहून तुम्ही सांगितलेलं. मी मध्ये चहाचं विचारलं, ते 'चालेल' कुणाला होतं. भावजी म्हणाले, ते काय दादा कधी बोलला न्हाय. असू दे. ते तुमच्याकडेच राहू दे.

मग मी ते विचारलं, ज्यासाठी मी इतके दिवस तुमच्यावर चिडले होते. एवढं बोलता येत होतं, तर घरी का नाही?

जाळाचा चरचर आवाज होत होता. त्यावरून भावजींचा आवाज आला. "ते बोललेला एकदा. बोलला, हितं गप्प झालो तर मरान हाय. घरी गप्प बसलो तरी कोन स्विच पाडत न्हाय. ती बोलत असते, मी बसतो. तेवढाच जिवाला इसावा."

 पदर भिजला होता, तोच तोंडावर ओढला. तुमच्या गप्प बसण्याचा इतकी वर्षं मी राग केला, आणि तुम्ही तर माझ्या आवाजात विसावा घेत होतात. हे जिवंतपणी सांगितलं असतं तर माझी भांडणं कमी झाली नसती, पण मी ती जरा हळू आवाजात केली असती. आणि त्या दुपारी, तव्यापाशी, मी आतून तुमच्याशी बोलत होते. निदान जाताना तुमच्या कानावर माझा आवाज होता. त्याच्यावर मी आता जगते आहे.

भावजी बोलत राहिले. शेवटचा जोड चालू होता. ते सांगत होते की मागच्या पावसात अशाच एका कामावर तुम्ही म्हणाला होतात, पुढच्या साली ओलं काम बंद करू, तिला उगाच घोर लागतो. पाइपाचा आधार पक्का बसला होता. बाहेर बायका हंडे घेऊन पावसात उभ्या होत्या. भावजी म्हणाले, दादा बोलला, घरी जाऊन सांगतो तिला.

मग आवाज थांबला. काम झालं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी वळून बघितलं नाही. उठले आणि स्विच पाडला.